गंगाधरराव आले की चाक बिघडतं

माझा माणसांवर विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. त्यात वाईट काही नाही. आमच्या घराण्यात तो कुणाचाच नव्हता. आमचे आजोबा झरीच्या बाजारात शेळी विकायला नेत आणि गिऱ्हाईक पहिल्याच भावाला हो म्हणालं, की शेळी घेऊन तडक घरी येत. “इतक्या लवकर हो म्हणला, म्हंजे ह्या शेळीतच कायतरी हाय!” पुढे आठवडाभर ते त्या शेळीकडे असे काही बघत, की ती धास्तीने वाळत असे. (भाव आणखी पडायचा, तो भाग वेगळा.)

त्यामुळे माझी इंजिनिअरिंगला असलेली मुलगी प्राजू सुट्टीत एक चाक घेऊन घरी आली, तेव्हा मला पहिला संशय त्या चाकाचाच आला. तिच्या कॉलेजचा संघ रोबोटच्या स्पर्धेला जाणार होता आणि त्या रोबोटची चाकं बनवायचं काम हिच्याकडे होतं. पण साधी चाकं नव्हेत! प्रत्येक चाकाला दोन मोटारी. एक चाक पळवणार, दुसरी चाकाचं तोंड जागच्या जागी वळवणार. अशी चार चाकं लावली, की गाडी समोर बघत बघत आडवी चालते! याला म्हणे ‘स्वर्व्ह ड्राइव्ह’ म्हणतात.

“बघायचं एकीकडं आन् जायचं दुसरीकडं?” मी म्हणालो. “असला माझा एक साडू हाय. त्याच्यावर मी पैशाचा इस्वास ठेवत न्हाई.”

“पप्पा, त्याच साडूनं दिलेला पट्टा गुडघ्याला बांधून फिरायलात की तुमी!”

हे मात्र खरं. माझ्या गुडघ्याला साडूने दिलेला औषधी पट्टा होता. फुकट मिळालेला असल्यामुळे त्याच्यावर मी संशय घेतला नव्हता. गुणी पट्टा! रात्री काढून ठेवला, की लोखंडी कपाटाला आपणहून चिकटून बसायचा. खुंटीचीसुद्धा गरज नाही.

प्राजूने अजून एकच चाक तयार केलं होतं. रविवारी त्यांच्या मॅडम घरी येऊन ते बघणार होत्या. पसंत पडलं तर तशी चार होणार. नाही तर जुनीच साधी चाकं लागणार आणि प्राजू स्पर्धेला पान्यांची पेटी उचलायला जाणार! पोरीने त्यासाठी सगळी सुट्टी ओसरीवर काढली होती. स्टूल उलटं करून त्याच्या पायांत चाक बसवलेलं, शेजारी लॅपटॉप. लॅपटॉपवर दिशा सांगितली, की चाक त्या दिशेला तोंड करून गपगुमान उभं राहायचं. असं आज्ञाधारक आमच्या घरात दुसरं कुणीच नव्हतं.

आणि मग गंगाधरराव आले.

गंगाधरराव आमचे शेजारी. पूर्णेला रेल्वेत हयात घालवून आता गावी शेती बघतात. “मास्तर, जिंदगीभर चाकंच बघितली, पर आडवं चालणारं चाक पहिल्यांदाच बघायलोय!” असं म्हणत ते ओसरीवर टेकले. आता कुणीही म्हणेल, साधा माणूस आहे. पण त्यांचा नातू नांदेडच्या कॉलेजात होता, आणि ते कॉलेजही त्याच स्पर्धेत उतरलं होतं! मी लगेच चाकाजवळ पाट ओढला आणि दुखरा पाय चाकाशेजारी लांब सोडून, अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखा, पहाऱ्याला बसलो.

आणि काय सांगू! चाक बिथरलं. प्राजूने पूर्व सांगावी, त्याने दक्षिण धरावी. मग तर गरागरा फिरायलाच लागलं. गंगाधरराव चहा पिऊन गेले, मी सुटकेचा निःश्वास टाकून आत आलो, आणि चाक पुन्हा शहाणं झालं!

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. ते आले, मी पहाऱ्याला बसलो, चाक वेडं. ते गेले, मी उठलो, चाक शहाणं. याहून पक्का पुरावा कोर्टालासुद्धा लागत नाही!

“त्यांच्या खिशात कायतरी यंत्र हाय,” मी बायकोच्या कानात सांगितलं.

“त्यांच्या खिशात तंबाखूची डबी हाय,” सुनंदा म्हणाली. “खामखा कामून शक घ्यायलात?”

मी बंदोबस्त सुरू केला. आधी गंगाधररावांचा मोबाइल अंगणात ठेवायला लावला. मग घड्याळ. मग डबी. मग खिळ्यांच्या चपला. मग सदऱ्याला धातूची बटणं होती, म्हणून सदरा! बिचारा बनियनवर बसला, तरी चाक गरगरतंच!

“मास्तर,” ते म्हणाले, “धोतर राहू द्यावं म्हंतो.”

इकडे प्राजूचं तोंड उतरत चाललं होतं. चाक तिने कितीदा तरी उघडलं, दातेरी चकत्या बदलल्या, तारा नव्याने जोडल्या. शनिवारी संध्याकाळी पाना खाली ठेवून ती म्हणाली, “पप्पा, माझ्याच डिझाइनमदी खोट हाय. मॅडमला येऊ नका म्हणून सांगते.”

“खबरदार!” मी गरजलो. “खोट चाकात न्हाई, शेजारात हाय! उद्या मॅडमच्या समोर त्याला रंगेहाथ धरतो!”

रविवारी मॅडम आल्या. मी फाटकाजवळ स्वागताला उभा होतो, तोवर चाक असं चाललं, की मॅडम दोनदा ‘वा’ म्हणाल्या. तेवढ्यात गंगाधरराव आले. (आता सवयीने बाहेरच सदरा उतरवून!) मी झेप घेऊन पाटावर बसलो. चाक गरगरलं.

“बघा!” मी ओरडलो. “ह्ये आले की बिघडतंय!”

मॅडमनी गंगाधररावांना नम्रपणे रस्त्यावर उभं केलं. चाक गरगरतच होतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

“सर, तुम्ही जरा उठता का?”

मी उठून लांब गेलो. चाक सरळ. जवळ आलो. चाक वेडं. मी डावीकडे सरकलो, तर त्याने एक गिरकी घेतली आणि भर ओसरीत माझ्याकडेच तोंड करून थांबलं! चोर ओळखायला उभं केलेल्या साक्षीदारासारखं!

“ह्या चाकात एक बारीक लोहचुंबक असतं,” प्राजू सावकाश म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिची नजर माझ्या गुडघ्यावर आली. “त्याच्यावरून चाकाला आपलं तोंड कुठं हाय ते कळतं. दुसरं मोठं चुंबक जवळ आलं, की...”

“अहो, तो पट्टा!” सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडली. “कपाटाला उगंच चिकटतो का तो? चुंबकंच भरलीत की त्याच्यात!”

भरल्या ओसरीत माझा पट्टा सोडण्यात आला. चाक सरळ झालं. तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला, “मास्तर, आता सदरा घालू का?”

मॅडमनी चाक पसंत केलं. एकच बदल सुचवला: आतल्या चुंबकाला लोखंडी पत्र्याचं टोपण लावायचं. संघातली पोरं त्याला ‘पप्पा-टोपण’ म्हणतात.

स्पर्धेला मीही गेलो. प्राजूने मला सगळ्यात मागच्या रांगेत बसवलं आणि शेजारी राखणीला गंगाधररावांना. खाली प्राजूचा रोबोट समोर बघत झोकात आडवा चालला होता, सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. पण या माणसाचं तिकडे लक्षच नाही! आपल्या नातवाच्या रोबोटकडेसुद्धा नाही! शेवटपर्यंत डोळे माझ्या गुडघ्यावर. मध्ये तर एकदा चाचपूनही बघितला!

इतका संशयी माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही.