मँड्रेलवर हळदकुंकू

"मी सही करणार नाही," मी म्हणाले आणि कागद टेबलावरून सुपरवायझरकडे परत सरकवला.

कागदावर लिहिलं होतं, पंपाच्या मोटारी थरथरतात ती ऑपरेटरची चूक. ऑपरेटर म्हणजे मी. अंबडच्या त्या कारखान्यात बॅलन्सिंग मशीनवर सात वर्षं काढली होती. मोटारीच्या आत फिरतो तो रोटर मँड्रेल नावाच्या दांड्यावर चढवायचा, फिरवायचा, मशीन दाखवेल त्या जड बाजूला ड्रिल मारून धातू काढायचा. हिरवा दिवा लागला की रोटर पास. पण त्या महिन्यात वणीकडे गेलेल्या पंपांच्या मोटारी धडाधड परत यायला लागल्या. सही केली असती तर माझ्या हातचं मशीन गेलं असतं आणि मी पॅकिंगला.

"बायकांचं अर्धं लक्ष घराकडे," तो म्हणाला. अस्सा राग आला! इंदिरानगरहून सातच्या ठोक्याला हजर असायचे मी, आणि हा साडेसातला टपरीवर चहा ढोसत.

बदललं होतं काय? फक्त मँड्रेल. साहेबांनी, म्हणजे मालकांनी, स्वतः लेथवर उभं राहून केलेला. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि मग मशीनवर चढवला. पूजा झालेल्या वस्तूवर संशय कोण घेणार? मीही महिनाभर घेतला नाही. माझं चुकलं असेल तर एवढंच.

"साहेबांना बोलवा," म्हटलं.

साहेब आले. मी पास झालेला एक रोटर चढवला. हिरवा. मग तो सैल करून मँड्रेलवर अर्धा फिरवला आणि परत आवळला. "रोटर खरंच समतोल असेल, तर कसाही बसवा, हिरवाच लागेल," मी म्हणाले. लाल लागला. दुसराही लाल. तिसरा साहेबांनी आपल्या हातानं बसवला. लाल!

मँड्रेलच एका अंगाला जड होता. त्याचा दोष झाकायला मी रोज चांगल्या रोटरना भोकं पाडत होते.

साहेब दांड्यावरून अंगठा फिरवत राहिले. सुपरवायझर हसत म्हणाला, "जाऊ द्या ताई, झालं गेलं गंगेला मिळालं."

"इतक्या स्वस्तात नाही मिळत," मी म्हणाले.

कागद तिथंच पडला होता. 'ऑपरेटरची' खोडलं, वर 'मँड्रेलची' लिहिलं आणि पेन थेट साहेबांपुढे धरलं.

"मँड्रेल तुमचा. सही तुमची."

त्यांनी केली.