सा कुठं धरायचा

खामगावच्या बसस्टँडवर बाबा मला सोडायला आले होते. पुण्याला नोकरी लागली होती, पण जीव अडकला होता पेटीत. पिंपळगाव राजाला आमची भीमगीतांची पार्टी. बाबा गाणार, मी पेटीवर. पेटी नेऊ का, असं विचारणार तोच बाबा म्हणाले, "पेटी राहू दे, पार्टीले लागते. तू तिकडं दुसरी पाह्य. अन् लाजू नको बे, बिनधास्त वाजवजो."

पुण्यात कीबोर्ड घेतला. ऑफिसातल्या चौघांचा बँड होता, शनिवारी जॅमिंग. मी विचारलं, "पट्टी कोणती?" गिटारवाला म्हणाला, "डी डोरियन. सगळ्या पांढऱ्या पट्ट्याच." पांढऱ्याच म्हटल्यावर मी सा धरला पांढरी एकवर आणि सुटलो. सूर एकही चुकीचा नव्हता, तरी मी जिथं येऊन थांबायचो तिथं सगळ्यांचे चेहरे पडायचे. "छान आहे, पण जरा वेगळं वाटतंय," असं म्हणायचे. पुण्यात याचा अर्थ काय, हे तुमच्यापैकी जे इकडे आलेत त्यांना सांगायला नको. पुढच्या शनिवारी बोलावतील की नाही याची मला धाकधूक. ऑफिसबाहेर माझ्याशी बोलणारी तेवढीच तर माणसं होती.

बेस वाजवणारी ॲन केरळची. एकदा तिनं एकच सूर धरून ठेवला आणि म्हणाली, "तू वाजवू नको. फक्त ऐक." ऐकलं. पट्ट्या त्याच, पण सगळ्यांचा सा होता पांढरी दोनवर, म्हणजे त्यांच्या 'डी'वर. तिथून मोजलं तर हा आपला काफी रागच की! मला हसूच आवरेना. तेव्हापासून बाकीचे कुठं टेकतात ते आधी ऐकतो, मग बोट ठेवतो.

यंदा जयंतीला गावी गेलो. पार्टीनं हौसेनं पेटी माझ्यापुढे सरकवली. बाबांची पट्टी काळी तीन, झोपेत विचारलं तरी सांगेन. तीच धरली. पहिल्याच कडव्यात बाबांचा आवाज चिरला. त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. मी गेल्यापासून पेटी सांभाळणारी चुलतबहीण अस्मिता कानाशी आली; माझ्या बाबांना ती मोठा बाबा म्हणते. "दादा, मोठ्या बाबाची पट्टी उतरली आता. तुले कोनं सांगतलं नाही काय?"

कोणीच नव्हतं सांगितलं. फोनवर आम्ही पाऊसपाणी बोलतो, जेवणं झाली का विचारतो. त्यात बाबा कधी गात नाहीत. मी भाता थांबवला. "बाबा, तुम्ही लावा सूर, मी येतो मागून."

त्यांनी लावला. काळी दोन, आधीपेक्षा खाली. मी तिथं सा धरला आणि बाबा अख्खं गाणं गायले, आवाज कुठंही न फाटता. शेवटी कपाळ पुसत म्हणाले, "जमून राह्यलं बे."

गाव सोडलेल्यांना वाटतं, घर आपण सोडलं तसंच बसून आहे. मलाही वाटायचं. आता दर रविवारी फोन लावला की तब्येत नंतर विचारतो. आधी म्हणतो, "बाबा, दोन ओळी गा." आणि कीबोर्डवर त्यांचा सा शोधतो.