मुलाखत बंद

माझ्या धाकट्या भावाला सरकारी कागदावर खंडणीखोर म्हटलेलं आहे. हा माझी स्कूटी मागून न्यायचा आणि टाकी रिकामी करून परत लावायचा. वर हसून सांगायचा, "अक्का, काटा खाली आलाय बघ." यानं खंडणी घेतली असती तर निदान पेट्रोल तरी टाकलं असतं. हे मी पोलीस ठाण्यातल्या साहेबांना तोंडावर म्हटलं, तेव्हा त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. मला राग लवकर येतो, हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे ठाऊक आहे. पण एरवी येतो तसा जातोही. या वेळचा गेलेला नाही.

माहेर मोरगावच्या बाजूला, कोरडवाहू. आबांनी म्हणजे माझ्या वडिलांनी मेंढरं विकली आणि ज्वारी-बाजरी धरली. आता दावणीला थोडी शेरडं उरलीत. मला दिलं इंदापूर तालुक्यात, अंथुर्ण्याला, कालव्याच्या पाण्यावरच्या घरात. ढोबळी मिरची, काकडी, थोडं डाळिंब. भाऊ बारामतीत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता आणि गिऱ्हाईक नसलं की तिथंच बसून मोबाईलवर ब्लॉग लिहायचा. आबा त्याला बिलाग म्हणायचे. शेरडांची धार काढून झाली का, असं विचारावं तसं जेवताना विचारायचे, "आजचा बिलाग झाला का रं?"

त्या ब्लॉगात त्याचं स्वतःचं शहाणपण फारसं नसायचं. तो लोकांच्या मुलाखती घ्यायचा. रसवंतीवाला, एसटीचा कंडक्टर, ऊसतोडीला आलेली बाई. जे बोलतील ते, त्यांच्याच बोलीत. त्याचा एकच नियम होता. लिहून झालं की सगळं वाचून दाखवायचा आणि विचारायचा, "बदलायचं काय?" माणूस "म्हणलं ते म्हणलं" असं बोलला तरच ते लोकांपुढे जायचं. जरा जरी चाचरला तर समोरच पुसून टाकायचा. "म्हणलं ते म्हणलं" हे शब्द मुळात आबांचे. पहिली मुलाखत त्यांचीच होती, मेंढरं विकली त्या दिवसाबद्दल. वाचून दाखवल्यावर आबा दावणीकडे बघत हे एवढंच बोलले. पुढे घरात त्याची चेष्टाच झाली. आमटीत मीठ जास्त झालंय असं मी म्हटलं तरी भाऊ विचारायचा, "बदलायचं काय?"

आमच्याकडे तात्या म्हणून माझे चुलत सासरे आहेत. त्यांचं रान कालव्यातून निघणाऱ्या चारीच्या अगदी शेवटाला. पाण्याची पाळी त्यांची असली तरी पाणी तिथवर पोचायचं नाही, कारण वरच एका बड्या माणसाच्या बागेसाठी मोटारी लावून ते उचललं जायचं. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती आणि कुणीच बोलत नव्हतं. तात्या बोलले. माझ्याच ओट्यावर बसून बोलले, मी चहा केला. भावानं वाचून दाखवलं, विचारलं, आणि तात्या म्हणाले, "म्हणलं ते म्हणलं. नाव बी टाक माजं." त्यानं तात्यांचं नाव टाकलं. बड्या माणसाचंही टाकलं.

मग त्याला दुकानातून उचललं. म्हणे तो लेख काढून टाकायला त्यानं पैसे मागितले. मोबाईल पोलिसांनी जप्त केला, आणि तात्यांचा टेप केलेला आवाज त्याच मोबाईलमध्ये. तात्यांनी जबाब दिला की मी असं काही बोललोच नाही, पोरानं मनानं लिहिलं.

मी तात्यांकडे गेले. त्यांनी मला बसायला पाट दिला, सुनेला चहा टाकायला सांगितला. मी म्हटलं, चहा नको, कोर्टात येऊन खरं सांगा.

"पोरी, माजं बी घर हाय," ते म्हणाले. "चारी त्येंच्याच हातात हाय."

"आन माझा भाऊ कुणाच्या हातात हाय?"

चहा आला, तो मी तसाच ठेवून उठले. आमच्याकडे चहा ठेवून उठणं ही शिवी देण्यापेक्षा मोठी गोष्ट समजतात. म्हणूनच उठले.

त्यानंतर गावात मला जो भेटेल तो एकच सांगायचा, समजुतीनं घ्या. मार्केटला माल घेऊन गेले तर तिथले अडते, लग्नात गेले तर पाहुणे, आणि माझ्या घरातसुद्धा. समजुतीनं घ्या. हे दोन शब्द मला आता ऐकवत नाहीत. जो पाणी चोरतो त्याची कुणी समजूत घालत नाही. ज्याचं चोरीला गेलं आणि ज्यानं ते लिहिलं, समजुतीनं फक्त त्यांनी घ्यायचं. माझ्या अंगाचा असा तिळपापड व्हायचा की मिरची तोडताना देठाऐवजी फांदीच हातात यायची.

जेलमध्ये भेटीला मुलाखत म्हणतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. आबांना हा शब्द एकाच अर्थानं माहीत होता. भावाला ठेवलं होतं त्या पुण्याच्या जेलच्या गेटवर खिडकीतल्या माणसानं विचारलं, "मुलाखतीला आलाय का?" आबांनी टोपी नीट केली.

"व्हय. त्येनं माझी घेतल्याली हाय. आता म्या त्येची घ्यायला आलोय."

खिडकीतला माणूस हसला नाही. त्यानं नाव विचारलं, आत जाऊन आला आणि म्हणाला, याची मुलाखत बंद आहे. का बंद? शिस्त मोडली. काय केलं? ते तो सांगेना, पण मी खिडकीसमोरून हललेच नाही, मागच्या बायका ढकलायला लागल्या तरी. शेवटी वैतागून तो बोलला की तुमचा भाऊ बराकीत बसून दुसऱ्या कैद्यांचे अर्ज लिहून देत होता. कुणाचा औषधासाठी, कुणाचा वकील मिळावा म्हणून. परवानगी न घेता.

म्हणजे आतही त्यानं तेच केलं. लोक बोलले, यानं लिहिलं. मला त्या माणसाची कॉलर धरावीशी वाटली, आणि त्याच दमात भावाच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. बाबा रे, निदान आत तरी हात आखडता घे. आबा मात्र एवढंच म्हणाले, "बिलाग चालू हाय म्हणायचा."

त्यानंतर आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. पहाटे निघून, मोरगावहून आबा आणि इकडून मी, वाटेत गाठ घालून. दर वेळी बंद. मी नेलेले कपडे कधी घेतले, कधी परत दिले. परत दिले की आबा ती पिशवी मांडीवर ठेवून बसायचे आणि एसटीत कुणाशी बोलायचे नाहीत. टपालानं पाठवलेल्या पत्राचं काय झालं ते शेवटपर्यंत समजलं नाही. त्याला भेटू शकत होता तो फक्त आमचा वकील.

वकील बारामतीचा, वयानं माझ्याएवढा, बोलायला गोड. वाईट माणूस आहे असं मी म्हणणार नाही. त्याला केस लवकर मिटवायची होती. तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. मी शेतात क्रेट भरत होते. तो खुशीत होता. म्हणाला, ताई, काम झालं, तुमचा भाऊ उद्या माफी मागायला तयार आहे. सगळं खोटं लिहिलं असं कबूल करेल, ब्लॉग काढून टाकेल, मग समोरचे जामिनाला हरकत घेणार नाहीत. मी विचारलं, तयार कसा झाला? इतके दिवस तर नाही म्हणत होता.

"आबांचं नाव घेतलं," तो म्हणाला. "म्हटलं, वडिलांची इच्छा आहे, त्यांनीच निरोप दिलाय."

आबांनी असा कुठलाच निरोप दिला नव्हता. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. ज्या पोरानं आयुष्यात कुणाच्या तोंडी न बोललेला शब्द घातला नाही, त्याच्यापुढे त्याच्या बापाच्या तोंडी हे घातलं होतं. आणि तो बिचारा ते खरं धरून बसला होता, कारण खरं सांगायला आम्हाला आत सोडत नव्हते. मी वकिलाला म्हटलं, आजच्या आज जाऊन त्याला खरं सांगा. तो म्हणाला, आता भेट व्हायची नाही, आणि तुम्हीही समजुतीनं घ्या. मी फोन कापला.

लगेच आबांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्या कवा सांगितलं?" मग म्हणाले, "सुटंल व्हय तो त्येनं?" मी म्हटलं, सुटेल बहुतेक. पलीकडे शेरडं ओरडत होती, तेवढंच ऐकू येत होतं. बापाला आपलं पोर घरी हवं असतं, त्यात चूक काय? मीही मनातल्या मनात म्हणत होते की येऊ दे घरी, काय व्हायचं ते होऊ दे. शेवटी आबा म्हणाले, "उद्या येतो. माफी मागायची तर मागू दे, त्येचा तो धनी हाय. पर माझ्या नावानं नगं."

कोर्टात आता आरोपीला आणतातच असं नाही, जेलमधूनच टीव्हीवर दाखवतात. आम्ही मागच्या बाकावर बसलो. टीव्ही न्यायाधीशांकडे तोंड करून ठेवलेला. आम्हाला त्याची मागची काळी बाजू आणि लोंबणाऱ्या वायरी दिसत होत्या. आबांनी मला हळूच विचारलं, तो कुठं हाय? मी म्हटलं, त्या टीव्हीत. त्यांनी मान वाकडी करून बघितलं, पुढे सरकून बघितलं. पोलिसानं मागे बसवलं. इतक्या महिन्यांनी पोरगं एका खोलीत आलं होतं आणि तेही पाठमोरं. मला तो टीव्ही उचलून फिरवावासा वाटत होता. काय बिघडलं असतं कुणाचं?

वकील उभा राहिला, म्हणाला, आरोपी माफी मागायला तयार आहे. न्यायाधीशांनी टीव्हीकडे बघून विचारलं, हे खरं आहे का, कुणाच्या दबावाखाली बोलत नाही ना. मग भावाचा आवाज आला. घोगरा, ओळखू न येणारा.

"दबाव न्हाय साहेब. आबांची इच्छा हाय, तर..."

आबा उभे राहिले. आरडाओरडा केला नाही. ओट्यावर बसून बोलतात त्याच आवाजात म्हणाले, "म्हणलं ते म्हणलं."

पोलिसानं त्यांचा दंड धरला. न्यायाधीशांनी विचारलं, कोण बोललं? वकील घाईनं म्हणाला, वडील आहेत साहेब, वय झालंय, त्यांना इथलं कळत नाही. आबा खाली बसले. टीव्हीतून काहीच येईना. वायर निसटली की काय, असं मला वाटलं. कारकून उठून बघायला निघाला, तेवढ्यात तो घोगरा आवाज पुन्हा आला.

"माफी न्हाय साहेब. म्हणलं ते म्हणलं."

जामीन मिळाला नाही. पुढची तारीख पडली. अभिमान वगैरे मला तेव्हा काही वाटलं नाही. बाहेर लिंबाखाली वकील माझ्यावर चवताळला. म्हणाला, आज संध्याकाळपर्यंत हुकूम हातात पडला असता, तुम्हीच त्याला आत ठेवलंत. मी त्याला म्हटलं, आत कुणी ठेवलंय ते चारीवर जाऊन बघ. आणि त्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं. पण घरी जाताना त्याचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. आबा उभे राहिले नसते तर पोरगं त्या आठवड्यात घरी जेवलं असतं, हे खरंच आहे. बापाच्या नावावर खपवलेलं खोटं गिळून जेवलं असतं, हेही खरं आहे. अशा दोन खऱ्यांत निवडायची वेळ ज्यांनी आणली, ते त्या दिवशी कोर्टात आलेसुद्धा नव्हते. तिकडे बागेला पाणी चालू असणार.

एसटी स्टँडवर आबा बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"घसा बसलाय त्येचा," ते म्हणाले. "ल्हानपणापासनं तसंच हाय, गार पाणी सोसत न्हाय. कोमट पाणी द्या म्हणावं. एवडं सांग त्यास्नी."

मी तिथूनच जेलला फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला. मी भावाचं नाव सांगितलं. समोरचा माणूस माझं पुढचं न ऐकताच म्हणाला, मुलाखत बंद आहे. मी म्हटलं, मुलाखत नको, त्याचा घसा बसलाय, त्याला प्यायला कोमट पाणी द्या, एवढंच सांगायचंय. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"असलं काही असेल तर फोनवर नाही, बाई," तो म्हणाला. "मुलाखतीला याल तेव्हा सांगा."