वैशालीच्या दातांची तार

"दाताच्या दवाखान्यात कसले आलेत किस्से?" असं मैत्रिणी विचारतात. अगं, जिथे माणूस घाबरलेला असतो आणि वर तोंडही उघडावं लागतं, तिथे किस्से नाही होणार तर कुठे? नव्वदच्या दशकात मी नाशिकला कॉलेज रोडवर वेडेवाकडे दात तारेने सरळ करायचा दवाखाना थाटला, तेव्हापासून नुसते साठतायत.

*

सातपूरच्या एका कंपनीतले फिटर मुलाला घेऊन आले. मी तार आवळतेय आणि हे मागून सूचना देतायत, "मॅडम, अजून थोडं टाइट चालेल!" मुलाचं आटोपल्यावर मी म्हटलं, "या, तुमचेही दात बघते." गृहस्थ दारापर्यंत मागे सरकले. "नको नको, माझी सेकंड शिफ्ट आहे!"

सकाळचे नऊ वाजले होते.

*

पण खरी भीती म्हणजे काय, ते वैशालीमुळे कळलं. दिंडोरीची, नववीतली, पुढचे दात ओठांबाहेर आलेले. वडील भाऊसाहेब द्राक्षबागायतदार. सुरुवातीलाच मी सांगितलं, "दात सरकवताना काही जणांच्या दातांची मुळं झिजून आखूड होतात. कोणाची, ते आधी कळत नाही."

भाऊसाहेब दचकले. "दाताला मूळ असतं? मग पाणी कुठून लागतं?"

*

तार बसवली आणि काही महिन्यांनी एक्स-रे काढला. उजेडासमोर धरला, पुसून पुन्हा धरला. वरच्या चारही पुढच्या दातांची मुळं टोकाकडून झिजली होती. तार अशीच ओढत राहिली तर आणखी झिजणार. आणि हे दात पोरीला जन्मभर पुरवायचे होते! मदतनीस मंदाताईंनी माझा चेहरा पाहिला आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, घाबरायचं काम पेशंटचं. तुम्ही फक्त हसा."

मला हसू काही येईना.

*

बापलेकीला सगळं खरं सांगितलं. तार काढायची, तीन-चार महिने दातांना विश्रांती द्यायची. ओढ थांबली की झीज सहसा थांबते. वैशालीने एकच विचारलं, "पडतील?"

"नाही पडणार," मी म्हणाले, पण माझा आवाज मलाच पटला नाही. "सोमवारी तार काढायला या."

सोमवारी कोणी फिरकलं नाही. तिच्या आईचा फोन आला, "मॅडम, पोरगी भात कालवून पिती. वर्गात हजेरीला नुसता हात वर करती. शिंक आली की आधी दात धरती, मग नाक!"

"अहो, मग लगेच घेऊन या ना!"

"ह्यांनी नाय म्हटलंय."

*

पुढचा सोमवारही गेला. मी फोन केला की भाऊसाहेबांचं एकच, "फवारणी चालू हाय." इकडे तार रोज ओढतेय, मुळं झिजतायत, या धास्तीने मला जेवण जाईना. शेवटी पक्कड पिशवीत टाकली, मंदाताईंना स्कूटरवर मागे बसवलं आणि दिंडोरी गाठली.

भाऊसाहेब बागेतच होते, वैशालीही. वर बोट दाखवून म्हणाले, "मॅडम, ह्यो मांडव बघा. सगळ्या येली तारंवर हायेत. मागल्या साली तार तुटली, अख्खी ओळ भुईवर आली! तीबी मुळं धड असताना. हिची तर मुळंच गेली, अन् तुम्ही तार काढा म्हणता?"

त्यांचे डोळे भरून आले होते.

"भाऊसाहेब, ही तार दात धरून ठेवत नाही, ओढते. ओढतेय म्हणूनच मुळं झिजतायत."

त्यांनी एकदा मांडवाकडे पाहिलं. मग वैशालीला बांधावर बसवलं, स्वतः समोर गुडघे टेकले आणि तिच्या हनुवटीखाली दोन्ही हातांची ओंजळ धरली.

"काढा."

वैशालीने डोळे गच्च मिटले. मी पक्कड लावली. तार निघाली. एकही दात पडला नाही.

"झालं, भाऊसाहेब. काढा आता हात."

ओंजळ जागची हलली नाही.

"थांबा मॅडम, एक शिंक येऊन जाऊ द्या!"