डोक्यात फुटलेलं गाणं

एखादं गाणं आपल्याला आवडलं आणि ते दुसऱ्याला ऐकवायचं असलं, तर त्या माणसाला आधी धरावं लागतं. निदान त्या काळी सोलापुरात माझी रीत हीच होती. वाटेवरच्या माणसाची बंडी मुठीत धरायची, फरफटत हॉटेलात आणायचा, बाकावर दाबून बसवायचा आणि म्हणायचं, "ऐक!" पुष्कळांनी ऐकलं. काहींनी मला मारलं. काहींनी आधी ऐकलं आणि मग मारलं. हे लोक खरे रसिक.

हॉटेल सात रस्त्याकडून विणकरांच्या वस्तीकडे जाताना लागायचं. हॉटेलवाला अक्कलकोटकडचा, चिडला की कानडीत शिरणारा. त्यानं नवाकोरा फोनो आणला होता. त्याचा कर्णा एवढा मोठा, की आत एक मांजरी संसार करून होती आणि गाणं सुरू झालं की पिल्लं घेऊन बाहेर यायची. तबकड्या बऱ्याच होत्या, पण त्यातली एक नवी, कुणा बाईची, तिनं माझं डोकं फिरवलं. बाईचा आवाज वर चढला की फळीवरच्या बश्या तडकायच्या. मंगळवेढ्याच्या रानात शाळूच्या कणसांवर बसलेली पाखरं भुर्र उडायची. मंगळवेढ्याच्याच एकानं हे खोटं आहे म्हटलं, तेव्हा मी त्याला हॉटेलच्या जिन्यावरून खाली फेकला. हॉटेलला जिना नव्हता, तरी फेकला.

तबकडीच्या शेवटी ती बाई, तेव्हाच्या चालीप्रमाणे, स्वतःचं नाव सांगायची. गाताना वाघीण, आणि नाव सांगताना शाळेतली मुलगी. त्या नावासाठी मी पुन्हा चावी द्यायला लावायचो.

माझा लहानपणापासूनचा दोस्त हातमागावर चादरी विणायचा. घरात तेलुगू, माझ्याशी अस्सल सोलापुरी. त्याचा माग हॉटेलच्या भिंतीला लागून. त्यालाही मी असाच गळ्याला धरून आणला. त्यानं गाणं ऐकलं, उठला आणि माझ्या थोबाडात अशी ठेवून दिली की माझी टोपी भज्यांच्या कढईत तळून निघाली.

"हे आधी का नाही ऐकवलंस बे?"

दुसऱ्या संध्याकाळी पाहतो तर मागावर भलतंच चाललेलं. भिंतीपलीकडे तबकडी वाजत होती आणि हा तिच्याबरोबर रंगीत धाग्यांचे धोटे बदलत होता. बाईचा आवाज वर गेला की लाल धागा. खाली आला की काळा. ती दम घेईल तिथं एकच पांढरा. शेवटी नाव सांगेल तेव्हा पिवळा. तबकडी संपली की हॉटेलवाला पुन्हा लावायचा आणि चादर पुढं सरकायची. लाल-काळ्या पट्ट्यांची ती चादर बघून माझ्या अंगावर काटा आला. गाणं हाताला लागत होतं! मी पुन्हा रस्त्यावर धावलो आणि माणसं धरधरून आणायला लागलो. आता ऐकवायलाही आणि दाखवायलाही.

असाच एक दिवस मागाच्या मालकालाच चुकून धरून आणला. त्याच्या कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या एकच चौकडीची चादर निघत होती. त्यानं चादर पाहिली, माझा हात पिरगाळून सोडवला आणि माझ्या दोस्ताला म्हणाला, "सूत माझं, माग माझा, आणि नाच तुझा व्हय? ही गड्ड्याच्या जत्रेत पहिल्या दिवशी खपली तर ठीक. न्हाय खपली, तर माग सोडायचा आणि गिरणीत जायचं."

दोस्ताचा चेहरा पांढरा पडला. मी गिरणीत कारकून होतो. तिथलं मला ठाऊक होतं. तिथल्या मागांच्या खणखणाटात शेजाऱ्याची किंकाळी ऐकू यायची नाही, गाणं कुठलं? या माणसाला गिरणीत घालणं म्हणजे त्याचे कान उपटून घेणं.

निम्मी चादर झाली आणि वस्ताद आला.

वस्ताद करकंबचा, हॉटेलच्या मागच्या तालमीचा. मान म्हणजे बैलाची. त्याला डफावरचा पोवाडा तेवढा पसंत. हे डब्यातलं गाणं म्हणजे बायकी थेरं. त्यात त्याची पोरं बाईच्या संथ लयीत जोर काढायला लागली होती, आणि कुस्तीत दम घ्यायची वेळ आली की तिच्याबरोबर थांबायची. त्या थांबण्यात एक पोरगा चीत झाला होता. वस्ताद दारात उभा राहिला.

"कुटं हाय ती भवानी?"

मी, वेडाच्या भरात, त्याचीच बंडी धरली. "वस्ताद, एकदा ऐका. एकदाच!"

पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. वस्तादानं मला बाकावरून उचललं आणि त्याच बाकानं मारलं. मी किटली फेकली; ती एका म्हाताऱ्याला लागली आणि त्यानं उगाच तिसऱ्याच्या डोक्यात काठी घातली. मग सगळं हॉटेल उठलं. कपबश्या चिमण्यांसारख्या उडत होत्या. हॉटेलवाला "अय्यय्यो, अय्यय्यो" करत झाऱ्यानं दोन्ही बाजूंना मारत होता. कुणाचा कान कुणाच्या दातात होता, कुणाचं रक्त कुणाच्या चहात. भिंतीपलीकडं दोस्त बोंबलत होता, "थांबू नका बे, लाल चाललाय माझा!" आणि खरंच, एवढ्या गोंधळातही तबकडी फिरत होती, बाई वरच्या सुरात होती. वस्तादानं ती फिरती तबकडी उपसली आणि माझ्या टाळक्यात फोडली. गाणं ओळीच्या मध्यावर बंद पडलं. मग एक गुद्दा घालून त्यानं माझे पुढचे दातही नेले.

शुद्धीवर आलो तेव्हा छातीवर दोस्त बसला होता.

"तबकडी?"

"चूर झाली. पेठेतला दुकानदार म्हणतो, दुसरी मुंबईहून यायची, जत्रेनंतर." त्यानं मूठभर तुकडे माझ्यापुढं धरले. "निम्मी चादर कोण घेणार बे? मला गिरणीत घालतील."

"तूच गा की. पाठ आहे तुला."

"मी गायला लागलो की हात थांबतात." त्यानं माझी मानगूट धरली. "गाणं तुझ्या डोक्यात फुटलंय. आता तिथनंच काढ."

त्यानं मला मागाशेजारी बसवला आणि मी गायलो. माझा आवाज गाढवानं नाकारलेला, त्यात दात नाहीत. वारा भसाभस सुटायचा आणि शब्दाशब्दाला दम घ्यावा लागायचा. चुकलो की तो धोटा फेकून मारायचा. लोखंडी टोकाचा धोटा बरगडीत बसला की सूर आपोआप वर जातो, हे मी शास्त्र म्हणून सांगतो. शेवटच्या ओळीनंतर बाईनं नाव सांगायची जागा आली. बाई नव्हती. मी माझंच नाव ठोकलं. त्यानं एवढा मारला, एवढा मारला. पण धागा पिवळाच घातला.

चादर झाली. वरची निम्मी बाईची, पट्टे रुंद आणि भरदार. मग एक लाल पट्टा अर्ध्यात तुटलेला. त्याखाली माझं गाणं. पांढऱ्या धाग्यांनी चिरफाळलेलं, लाल-काळं, उचकी लागल्यासारखं.

गड्ड्यावर पहिल्या दिवशी मालकानं ती मुद्दाम कडेला टांगली. दुपारपर्यंत कुणी वळून बघितलं नाही. दोस्त नुसता हात चोळत होता. तेवढ्यात वस्ताद आला, डोक्याला अजून पट्टी. आम्ही दोघं चादरीमागं दडलो आणि कडेनं डोकावत राहिलो.

"काय रे, ह्ये काय?"

मालकच खवचटपणे म्हणाला, "गाणं हाय म्हणे. लाल म्हंजे वर, काळं म्हंजे खाली."

वस्तादानं राकट बोट पट्ट्यावर ठेवलं आणि खाली न्यायला लागला. ओठ हलत होते. मग बारीक आवाज आला. तो गुणगुणत होता! एकही जागा न चुकता! तालमीच्या भिंतीआडून त्यानं ती बाई किती वेळा ऐकली होती, देव जाणे. बोट तुटलेल्या लाल पट्ट्यावर आलं आणि थांबलं.

"हितं काय झालं?"

दोस्त मला ओढत चादरीमागून बाहेर आला. "हितं तुमी याच्या डोक्यात मारलं, वस्ताद."

 वस्तादानं चादर ओढून खांद्यावर टाकली. "ही माजी."

"तुझी कशी?" गर्दीतनं हॉटेलवाला झाऱ्यासकट उगवला. "फोनो माझा, गाणं माझं, कपबश्या माझ्या!" त्यानं दुसरं टोक धरलं. वस्तादानं हिसका दिला. मग काय, तालमीची पोरं एका बाजूला, हॉटेलचं गिऱ्हाईक दुसऱ्या बाजूला. पाळण्याचे खांब हलले, रेवड्यांचे ढीग उधळले, तिघांचे दात माझ्या दातांना भेटायला गेले. चादरीचं एक सूत तुटलं नाही.

मालक त्या धुमश्चक्रीकडं हपापल्यासारखा बघत राहिला. ज्या मालासाठी माणसं एकमेकांची डोकी फोडतात, तो माल त्यानं जन्मात विणला नव्हता.

"माग तुझाच," तो दोस्ताला म्हणाला. "आशाच काढ. पर खालची पांडरी कापाकापी तशीच पायजे हं, समदी तिच्यावरच भांडत्यात."

पुढं मी पेठेत दात बसवून घ्यायला निघालो, तर दोस्त दारात उभा होता, धोटा उगारून.

"दात बसवशील तर बघ बे!"