स्टाफ धरणारे दादाराव

हां, तर संजीवचा फोन आला तेव्हा दादाराव जेवणाच्या टेबलावर कालव्याचा नकाशा काढत बसले होते, इथवर काल आलो होतो. काल जे मधेच उठून गेले त्यांच्यासाठी सांगतो : दादाराव म्हणजे माझे इथले, अमेरिकेतल्या या नोव्हाय गावातले व्याही. त्यांच्या बायकोला, रत्नाबाईंना, इथं नर्सची नोकरी लागली, त्यांच्यामागून हे आले. गावाकडं पाटबंधारे खात्यात रोजंदारीवर जमीन मोजायची साखळी ओढायचे. इथं एका मोजणी कंपनीत लागले आणि एकतीस वर्षं स्टाफ धरला. स्टाफ म्हणजे आकडे रंगवलेली पुरुषभर उंचीहून मोठी पट्टी. एकजण दुर्बिणीतून बघतो, दुसरा लांब पट्टी धरून उभा राहतो, तेव्हा जमिनीचा चढउतार कळतो. गुडघाभर बर्फात, उणे वीसमध्ये उभे राहिलेत हे. मी सातवी पास माणूस, पण एवढं मला कळतं की अशा माणसाला मागं बसवायचं नसतं.

आणि संजीवनं नेमकं तेच केलं!

फेब्रुवारीत इथं इंजिनिअरांचा आठवडा असतो. संजीव कॉम्प्युटरवाला, मराठी मुलांसाठी लायब्ररीच्या हॉलमध्ये कार्यक्रम करतो. त्यानंच जानेवारीत विनवलं होतं, "काका, हा पेशा सुरू कसा झाला ते तुम्हीच सांगा. वीस मिनिटं तुमची." म्हाताऱ्यानं महिनाभर लायब्ररीची पुस्तकं वाचली. मलाही चहासोबत पाजली. पूर्वी इंजिनिअर म्हणजे फौजेतला माणूस, किल्ले आणि तोफांचा. मग इंग्लंडात काहीजण म्हणाले, आम्ही लढाईचं नाही, लोकांचं बांधतो. म्हणून ते 'सिव्हिल'. मला तर हे ऐकून इतका आनंद झाला की मी दुसरा कप मागितला.

आणि आता फोनवर हा काय म्हणतो? "काका, स्टेजवर लायसन्स्ड इंजिनिअर्सच ठेवतोय. पेरेंट्स विचारतात ना. तुमच्या नोट्स उपासनाला फॉरवर्ड करा, ती प्रेझेंट करेल. तुम्ही ती पट्टी घेऊन बाजूला उभे राहा, मुलांना मजा वाटेल."

मजा! माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "दादाराव, फाडा ते कागद. घाम तुमचा आणि खुर्ची दुसऱ्याची, हे आपल्या बापजाद्यांनी गावात भोगलं. सात समुद्र ओलांडून पुन्हा तेच?"

ते म्हणाले, "व्याही, मुलांनी काय पाप केलं?" आणि कागद पाठवून दिले. रत्नाबाईंनी मात्र भांडी अशी आपटली की मला बरं वाटलं.

शनिवारी हॉल भरला. पाहुण्यांच्या पाच खुर्च्या, पाचही डिग्रीवाल्यांना. दादाराव स्टेजखाली कडेला स्टाफ धरून उभे, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय. पंचाहत्तरीचा माणूस! मी पहिल्या रांगेत बसून संजीवकडं असा बघत होतो की तो दोनदा पाणी प्यायला.

उपासना कागद बघून वाचू लागली. पोरगी गुणी. पूल बांधते, लायसन्सचा शिक्का आहे तिच्याकडं. फौजेचं झालं, इंग्लंडचं झालं, मग ती अमेरिकेवर आली. "दोनशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्क राज्यात साडेतीनशे मैलांचा कालवा खणला. तेव्हा या देशात इंजिनिअर शोधून सापडत नव्हते. ज्यांनी तो कालवा आखला त्यांतल्या काहींनी आधी न्यायाधीशाचं काम केलेलं होतं. हाताखालची पोरं आधी कुऱ्हाडीनं झाडं तोडायची, मग स्टाफ धरायची, मग दुर्बिणीपाशी जायची. आणि कालवा पुरा होईतो हीच बिनडिग्रीची पोरं इंजिनिअर..."

इथं ती थांबली. कागद खाली ठेवला.

"सॉरी," ती म्हणाली, "हे मी वाचणं बरोबर नाही. इंटर्न होते तेव्हा मला स्टाफ धरायला यांनीच शिकवलं. पहिल्या दिवशी मी तो वाकडा धरला. काका म्हणाले, पोरी, वाकडा स्टाफ नेहमी आकडा जास्त दाखवतो. मोजणीची आख्खी लाइन परत करायला लावली त्यांनी. हे शब्द त्यांचे आहेत. त्यांनीच बोलावं."

आणि माइक घेऊन ती खाली उतरली, सरळ दादारावांपुढं. मी टाळी वाजवली. माझ्या मागं सगळा हॉल!

संजीव धावतच आला. चेहरा उतरलेला, पण हट्ट सुटेना. "ओके काका, क्विकली. पण मला इंट्रोडक्शन तर द्यावं लागेल ना? तुमची डिग्री कोणती म्हणून सांगू?"

दादारावांनी माइक घेतला, हातातला स्टाफ त्याच्यापुढं केला आणि म्हणाले, "सांग, कालव्यावरच्या त्या पोरांची होती तीच. आणि मी बोलतोय तोवर हा तू धर. सरळ धर बरं का, संजीव, वाकडा धरलास तर आकडा जास्त दिसतो."