आखूड दोर

नदीच्या चित्रात ओहोटी शोधणाऱ्या माणसाला तुम्ही हसाल का? पनवेलच्या आमच्या रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात आम्ही सगळे हसायचो.

हे काका खाडीकाठचे कोळी. तैलरंग शिकण्यासाठी आम्ही एका जुन्या युरोपीय चित्रकाराची नदी छापील प्रतीवरून उतरवत होतो. ब्रश कानावर खोचून काका नदीशी पुटपुटत बसायचे. काठाला बांधलेल्या होडीचा दोर मात्र दर वेळी लांब काढायचे.

“काका, मूळ चित्रात दोर आखूड आहे,” बाई सांगायच्या.

“ओहोटीला होडी टांगून राहील ना, बाई.”

“नदी आहे ती. तिला कुठली ओहोटी?”

“मंग आजारी हाय ती,” म्हणत काका बाईंनी पुसलेला दोर पुन्हा लांब रंगवायचे.

गेल्या रविवारी त्यांनी स्वतःच दोर खरवडून आखूड केला. बाई खूश झाल्या. मी कारण विचारलं.

“आमच्या खाडीत भराव टाकला, पोरी. पानीच येत नाय. होडी चिखलात पडलीय. लांब दोर कशाला?”

चित्र आता मुळाबरहुकूम झालंय. मला ते बघवत नाही.

उरण रस्त्याला खाडीत माती ओतणारा डंपर दिसला, तर तसेच पुढे जाऊ नका. थांबा, आणि कुणाच्या परवानगीने ओतताय, ते मोठ्याने विचारा.